लपवलेला बटाटा

सध्या मुक्काम सुपेल्यात. एनसीसीच्या युनिटवर पोस्टिंग आहे, फॅमिली गावी आहे, म्हणून बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली आहे. सामान फौजी माणसाचं असतं तेवढंच. ट्रंक, बिस्तरा, दोन भांडी. भर एकाच वस्तूची पडली, ती म्हणजे स्लो कुकर. आत चिनी मातीचं जड भांडं, बाहेरून मंद तापणारी तार, वर काचेचं झाकण. दोनशे वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे जुन्या दोन-तीन बल्बांइतकी. सकाळी साडेपाचला कॅडेटांच्या परेडला निघण्याआधी त्यात बटाटे टाकायचे, दुपारी परत आलं की सूप तयार. दाट, सायीसारखं, चमच्याला चिकटणारं.

हे सूप नेमकं कुठून आलं ते वाचायला बसलो. वाटलं होतं एखाद्या फ्रेंच राजाचा आचारी भेटेल. भेटले ते शिपाई, युद्धकैदी, भिकारी आणि जन्मठेपेचे कैदी. म्हणून हा लेख या ठिकाणी लिहायला हरकत नाही.

आधी नावाचा घोळ. 'बटाटा' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला हे आपण जाणतो. पण तो शब्द मुळात बटाट्याचा नाहीच. कॅरिबियन बेटांवरचे मूळ लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी तो उचलला आणि पुढे पेरूच्या डोंगरातलं दुसरंच कंद त्याच नावाने विकलं. त्या डोंगरातल्या लोकांचा स्वतःचा शब्द होता 'पापा'. इकडे सुपेल्याच्या बाजारात मी अजून सवयीने 'बटाटा' म्हणतो आणि भाजीवाली बाई हसून 'आलू' म्हणून दुरुस्त करते. तिच्याही शब्दाची गंमत तीच. 'आलू' हे जुन्या संस्कृतात भलत्याच कंदांचं नाव होतं. आपलं अळू त्याच घरातलं. म्हणजे मराठी माणूस बटाट्याला रताळं म्हणतो आणि हिंदी माणूस त्याला अळकुडी म्हणतो. बटाट्याला कोणीच विचारलं नाही.

पेरूच्या डोंगरात इंका राजांची कोठारं होती आणि त्यात 'चुन्यो' भरलेला असे. रात्री कडाक्याच्या थंडीत बटाटा उघड्यावर गोठवायचा, दिवसा उन्हात पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं काही दिवस केलं की खडखडीत वाळलेला, वर्षानुवर्षं टिकणारा बटाटा मिळतो. फौजेच्या हालचालीसाठी याहून चांगलं रेशन नाही. पुढे स्पॅनिशांनी पोटोसीच्या चांदीच्या खाणीत माणसं जुंपली तेव्हा त्यांचंही पोट याच चुन्योवर चालवलं. तो खायचा तर पाण्यात भिजवून मंद आचेवर रटरटवत ठेवावा लागतो. बटाट्याच्या सूपाची सुरुवात तिथे झाली असं म्हणायला माझी तयारी आहे.

युरोपात बटाटा पोचला, पण ताटात यायला दोनशे वर्षं लागली. जमिनीखाली उगवणारं, वेडंवाकडं, विषारी झाडांच्या कुळातलं. फ्रान्समध्ये तो डुकरांना घालत. आंत्वान पार्मांतिये नावाचा फ्रेंच फौजेचा औषधनिर्माता १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या हाती लागला आणि कैदेत त्याला बटाटे मिळाले. डुकराचं खाणं खाऊन आपण मेलो तर नाहीच, उलट धडधाकट राहिलो, हे त्याने ध्यानात ठेवलं. सुटल्यावर आयुष्यभर त्याने बटाट्याची वकिली केली. १७७२ साली पॅरिसच्या वैद्यकशाखेने बटाटा खाण्याजोगा असल्याचं मान्य केलं. त्याची एक गोष्ट फ्रेंच लोक आवडीने सांगतात: पॅरिसबाहेरच्या शेतात बटाटे लावले, दिवसा शिपायांचा पहारा बसवला आणि रात्री मुद्दाम उठवला, म्हणजे लोक चोरून नेतील. खरी असो वा रचलेली, ज्याने कधी स्टोअरवर संत्री ड्यूटी केली आहे त्याला ती पटेल. ज्यावर पहारा, त्यावर डोळा. आज फ्रान्समध्ये बटाटा आणि लीक म्हणजे गोडसर पातीचा कांदा यांच्या दाट सूपाला पार्मांतियेचंच नाव आहे. त्याच सूपात मलई घालून ते थंड केलं आणि १९१७ साली न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात लुई दिया या आचाऱ्याने 'व्हिशीस्वाझ' म्हणून वाढलं. श्रीमंतांच्या टेबलावर पोचायला त्याला दीडशे वर्षं लागली, म्हणून त्या टप्प्यावर फार थांबत नाही.

थांबायचं आहे ते म्युनिकला.

बेंजामिन थॉम्पसन हा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १७५३ साली जन्मलेला माणूस. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्रजांच्या बाजूने राहिला, देश सोडावा लागला, आणि फिरत फिरत जर्मनीतल्या बव्हेरियाच्या शासकाकडे नोकरीला लागला. तिथे फौजेचा कारभार त्याच्या हाती आला आणि पुढे 'काउंट रमफर्ड' ही पदवी मिळाली. माणूस फार सरळ नव्हता, हेरगिरीचेही डाग त्याच्यावर आहेत. पण उष्णता या विषयात त्याचं डोकं विलक्षण चालायचं. तोफेची नळी कोरताना ती सतत तापत राहते हे पाहून त्याने १७९८ साली मांडलं की उष्णता हा कुठला पदार्थ नसून ती एक हालचाल आहे. हे आपण शाळेत शिकलो. त्याच माणसाने सूपावर लांबलचक निबंध लिहिले आहेत हे मात्र शाळेत कोणी सांगितलं नाही.

१ जानेवारी १७९० रोजी त्याने म्युनिकमधले सगळे भिकारी फौज लावून पकडले. अधिकारी आणि शिपाई गल्लोगल्ली उभे होते. पकडलेल्यांना एका मोठ्या कार्यशाळेत काम दिलं. त्यांनी फौजेचे कपडे विणायचे आणि त्यांना दुपारी गरम जेवण मिळायचं. रोज हजार-बाराशे माणसं. खर्च कमीत कमी हवा आणि पोट भरायला हवं. इथून त्याचं सूप सुरू होतं. जव, वाटाणे, बटाटे, शिळ्या पावाचे तुकडे, व्हिनेगर, मीठ आणि भरपूर पाणी. जव आणि वाटाणे दोन तास मंद शिजवायचे, मग सोललेले बटाटे टाकून आणखी तासभर, सारखं ढवळत, सगळं एकजीव होईपर्यंत. व्हिनेगर आणि मीठ शेवटी. पाव अगदी वाढण्याच्या क्षणी, म्हणजे चावायला काहीतरी राहतं आणि जेवण लांबतं. उपाशी माणसाचं जेवण लवकर संपू नये याचा विचार त्याने केला होता.

सुरुवातीला मात्र या सूपात बटाटा नव्हता. म्युनिकच्या भिकाऱ्यांना बटाट्याची किळस होती. रस्त्यावर हात पसरणारा माणूसही बटाटा खाणार नाही म्हणायचा. तेव्हा रमफर्डने काय केलं ते त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात वेगळी बंद खोली केली, बटाटे तिथे गुपचूप शिजवले, त्यांचा आकार आणि पोत पूर्ण नाहीसा होईपर्यंत गाळ केला आणि मग सूपात मिसळले. भिकाऱ्यांना वाटलं सूप आज चांगलं झालंय. त्यांची तारीफ ऐकून काही दिवसांनी गुपित फोडलं, आणि नंतर बटाटा नसला तर तेच लोक कुरकुरायला लागले.

हे वाचलं तेव्हा मी माझ्या स्लो कुकरमधल्या गुळगुळीत सूपाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. सूप का घोटायचं याचं उत्तर पाककृतीची पुस्तकं 'चव' म्हणून देतात. या सूपाचं उत्तर आहे: बटाटा ओळखू येऊ नये म्हणून.

यावर माझं मत सांगतो. फसवून खायला घालणं मला रुचत नाही, भले पोट भरण्यासाठी असो. फौजेत माणसाला हुकुमाने पुष्कळ काही करायला लावतात, पण ताटात काय आहे हे लंगर कमांडरने जवानाला सरळ सांगितलं पाहिजे. १९१५-१६ च्या हिवाळ्यात इराकात कुत-अल-अमारा इथे पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली, त्यात आपल्या भागातले कितीतरी मराठा शिपाई होते. रेशन संपत आलं, घोडे कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांनी किती तरी दिवस ते मांस नाकारलं. भाजीपाला नसल्याने हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, स्कर्व्हीने माणसं आडवी झाली. तरी त्यांना कोणी घोड्याचं मांस दुसरंच काही म्हणून वाढलं नाही. धर्मगुरूंकडून परवानग्या मागवल्या, समजावलं, शेवटी बऱ्याच जणांनी ते खाल्लं. उशीर झाला, त्यात माणसं गेली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पण काय खातोय हे त्यांना माहीत होतं. दोन्हीपैकी कोणता मार्ग बरा, यावर मी बराच विचार केला आहे आणि मन अजून कुतच्या बाजूलाच झुकतं. ज्याने उपाशी बाराशे माणसांना रोज वाढायचं आहे तो कदाचित वेगळं म्हणेल.

रमफर्डची दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. त्याने प्रत्येक छावणीत लष्करी बागा काढल्या. शिपायाला जमिनीचा एकेक तुकडा, बियाणं सरकारचं, पीक त्याचं स्वतःचं. तिथे शिपाई बटाटा लावायला शिकला आणि रजेवर घरी जाताना पिशवीत चार बटाटे घेऊन गेला. बव्हेरियाच्या खेड्यांत बटाटा असा पसरला. माझं गाव पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर आहे. जूनचा पाऊस पडला की तिथे पठारभर बटाट्याची लागवड असते, बियाणं पंजाबातून येतं. मी जालंधरला होतो तेव्हा आमच्या आबांचा फोन आला की पहिला प्रश्न मुलाच्या तब्येतीचा नसे, बियाण्याच्या भावाचा असे. तेव्हा रजेवर बटाटा घेऊन जाणारा बव्हेरियन शिपाई मला काही परका वाटत नाही.

मंद आचेचा शोधही याच माणसाला बटाट्यामुळेच लागला. म्युनिकच्या त्या कार्यशाळेत त्याने बटाटे वाळवायचं एक यंत्र बसवलं होतं. त्यात मांस भाजता येईल का पाहावं म्हणून एके संध्याकाळी त्याने मेंढीचा खांदा ठेवला. तीन तास वाट पाहिली. काहीच होईना. उष्णता कमी पडते असं ठरवून तो वैतागून घरी गेला. स्वयंपाकिणींना उशीर झाला होता, त्यांनी मांस रात्रभर तसंच आत राहू दिलं. सकाळी पाहिलं तर ते शिजून मऊ झालं होतं आणि चव अशी की त्याने आधी तशी खाल्ली नव्हती. उष्णता कमी होती, वेळ भरपूर होता. स्लो कुकरचं सगळं तत्त्व एवढंच आहे.

त्याच्या सूपाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. युरोपभर लंडन, जिनिव्हा, पॅरिस सगळीकडे गरिबांसाठी 'रमफर्ड सूप' सुरू झालं. त्याचा समज होता की शिजलेलं पाणी स्वतःच पोषण देतं. ते चूक होतं. त्यात स्निग्धांश जवळजवळ नव्हता. चालवणारे पाणी वाढवत गेले आणि धर्मादायाचं पाणचट सूप म्हणून त्याची बदनामी झाली. आयर्लंडमध्ये १८४५ पासून करप्याने बटाटा कुजला, सुमारे दहा लाख माणसं मेली, आणि ज्यांचं आयुष्य बटाट्यावर होतं त्यांच्यासाठी १८४७ साली बटाट्याविना सूपाच्या रांगा लागल्या. त्या जुलैत रोज तीसेक लाख माणसं सूपावर होती. डब्लिनमध्ये फौजेच्या बराकींसमोर अलेक्सिस स्वाये या नामांकित आचाऱ्याने मोठं सूपघर काढलं. सूप पातळ म्हणून त्यालाही शिव्या बसल्या. पण हाच स्वाये १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात गेला आणि बंद पिंपासारखी एक चूल घेऊन गेला. थोडं सरपण, मंद आच आणि बाहेर ज्वाळ दिसत नाही. शत्रू समोर असताना या शेवटच्या गुणाची किंमत कळते. ब्रिटिश फौजेने ती चूल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरली.

विजेचा स्लो कुकर आला तो तुलनेने अलीकडे. ज्यू धर्मात शनिवारी चूल पेटवायची नाही. म्हणून लिथुआनियातल्या गावांत शुक्रवारी संध्याकाळी बटाटा, घेवडा, जव आणि मांसाचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत आणि दुसऱ्या दिवशी काढत. ही आठवण आईकडून ऐकलेल्या आयर्विंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाने १९३६ साली अशा विजेच्या भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९४० मध्ये मिळालं, १९७० मध्ये त्याने धंदा विकला, आणि १९७१ पासून तेच भांडं 'क्रॉक-पॉट' म्हणून अमेरिकेच्या घराघरांत गेलं.

शनिवारची ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. आपल्या कोकणात, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात, घाण्यावर तेल काढणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नावच दिलं 'शनवार तेली'. त्यांची घरं मराठी बोलणारी. मुंबईच्या फौजेत त्यांची भरती मोठी होती. त्यांतला सामाजी हसाजी दिवेकर हा अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत पडला आणि सुटून आल्यावर त्याने १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. पार्मांतियेसारखाच हाही युद्धकैदी. बटाट्याशी त्याचा संबंध नाही, पण नाव इथे आलं तर मला बरं वाटतं.

आपल्याकडेही मंद आचेचं भांडं निघालं होतं. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास 'इकमिक कुकर' काढला. खाली कोळशाचे निखारे, वर डब्यांची चळत, वाफेवर सगळं जेवण आपोआप. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांत तो बराच चालला. माझ्या खोलीला तोही शोभला असता.

आणि महाराष्ट्रात बटाटा? तिथेही कैदी आहेतच. महाबळेश्वरला इंग्रजांनी हवा खायचं ठिकाण वसवलं आणि १८३० च्या दशकात मलाया-सिंगापूरकडच्या चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तिथे तुरुंग काढला. बाजारात विलायती भाज्या आणि बटाटे दिसू लागले ते या कैद्यांच्या हातचे. बागकामात ते इतके तरबेज होते की साहेबलोकांचं टेबल त्यांच्यावर चालायचं. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. आज उपासाला साबुदाण्याच्या खिचडीत आपण निर्धास्तपणे बटाटा घालतो. म्युनिकच्या भिकाऱ्यांनी ज्याला तोंड लावलं नाही ते आपण एकादशीला पवित्र मानलं. आपल्याकडे तो कोणी लपवला नाही, बहुधा म्हणूनच.

आता भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. रशियन तज्ज्ञ कुटुंबकबिल्यासह इथे राहिले. ज्या देशात १८४० च्या दशकात शेतकऱ्यांनी बटाटा लावायच्या सक्तीविरुद्ध दंगे केले आणि ते मोडायला फौज घालावी लागली, त्याच देशाचे लोक शंभर वर्षांनी बटाट्याशिवाय जेवेनात. त्यांच्याबद्दल बोलायचं तर लेनिनग्राडचं बोललं पाहिजे. १९४१ पासूनच्या वेढ्यात वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जगभरातून जमवलेल्या बटाट्यांच्या जाती तोफांच्या माऱ्यात शेतातून उपटून शहरात आणल्या. हिवाळाभर तळघरात मिळेल ते जाळून ऊब ठेवली, म्हणजे कंद गोठणार नाहीत. संस्थेतली माणसं भुकेने मेली. हाताशी बटाटे, तांदूळ, शेंगदाणे होते. ते बियाणं होतं, म्हणून कोणी शिजवलं नाही.

माझ्या घरमालकांना मी कका म्हणतो, छत्तीसगढीत काकांना तसंच म्हणतात. कारखान्याच्या कोक ओव्हनवर त्यांची सगळी नोकरी गेली. कोळसा बंद भट्टीत हवेशिवाय सोळा-अठरा तास भाजला की त्याचा कोक होतो, घाई केली तर कच्चा राहतो. मंद शिजवणं त्यांना मी काय शिकवणार! गेल्या पावसाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला आणि गिळणं अवघड झालं. पाणी प्यायले की ठसका लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, पातळ देऊ नका, दाट आणि गुळगुळीत द्या, गाठ नको. घरात काकी रोज मऊ भात घोटून द्यायच्या आणि कका तोंड फिरवायचे. वजन उतरत चाललं होतं.

म्हणून मी सूप खाली न्यायला लागलो. पहिल्या दिवशी काकी म्हणाल्या, दवा म्हणून सांग, नाहीतर खाणार नाहीत. मी वाटी पुढे केली. ककांनी चमचा न घेता माझ्याकडे पाहिलं आणि जड जिभेने विचारलं, "एमा का डारे हस?" यात काय टाकलंस? मी सरळ सांगितलं. आलू, कनकी, कांदा, तूप, दूध. त्यांनी परत विचारलं, आलू कुठला? संडे मार्केटचा, म्हटलं. मग खाल्लं. अर्धी वाटी खायला पाऊण तास लागला.

काकींकडून मी उलट शिकलो ते गोरसीबद्दल. गोरसी म्हणजे मातीची खोल शेगडी. त्यात शेणाच्या गोवऱ्यांचा, इकडच्या भाषेत छेन्याचा, धग राखेखाली दाबून ठेवतात. थंडीत शेकायला उपयोगी, आणि तिच्यावर दुधाचं मडकं दिवसभर ठेवलं की दूध तांबूस होतं, वर बोटभर साय धरते. सुपेल्यात आता फार थोड्या घरांत ती राहिली आहे. माझ्या सूपात जी साय जाते ती काकींच्या गोरसीवरची.

कृती लिहून ठेवतो, एकटे राहणाऱ्यांना उपयोगी पडेल. बटाटा जुना, पिठूळ घ्यावा, नवा चिकट असतो. कोल्ड स्टोरेजमधला असेल तर दोन-तीन आठवडे बाहेर ठेवून मग वापरावा, थंडीत त्यातल्या पिठाची साखर झालेली असते, सूप गोड लागतं. एक किलो बटाट्याच्या बोटाच्या पेरापेक्षा लहान फोडी करून तळाशी घालाव्यात, कारण आच तळाशी आणि कडेला असते. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग तुपात परतून वर. मूठभर कनकी, म्हणजे तांदळाच्या कण्या. रमफर्डच्या जवाचं काम त्या करतात. शेजारच्या बस्तरात आणि आपल्या कोकणात, दोन्हीकडे कण्यांच्या पातळ शिजवलेल्या अन्नाला 'पेज'च म्हणतात, हे इथे आल्यावर कळलं. पाणी उकळतं ओतावं, गार नको. बटाटा साठ अंशांच्या आसपास फार वेळ रेंगाळला तर त्याच्या पेशी घट्ट होऊन बसतात आणि मग तासन्तास शिजवा, मऊ होत नाहीत. लडाखला आम्ही हेच वेगळ्या रीतीने भोगलं आहे. पाच हजार मीटरवर पाणी ८३-८४ अंशांलाच उकळतं, उघड्या भांड्यात बटाटा दगडासारखा राहतो. तिथे प्रेशर कुकरच हवा, स्लो कुकर नेऊन उपयोग नाही.

सात-आठ तास झाकण उघडायचं नाही. प्रत्येक वेळी उघडलं की साठलेली ऊब जाते. आंबट काही आधी घालू नये, आंबटाने बटाटा शिजत नाही. रमफर्ड व्हिनेगर शेवटी घालायचा ते बरोबरच होतं, मी वाढताना लिंबू पिळतो. शिजल्यावर रवीने घुसळावं. मिक्सर नको, त्यात पीठ फुटून सूप खळीसारखं लोचट होतं. दूध आणि फेटलेली साय शेवटच्या पंधरा मिनिटांत, तीही गरम करून, नाहीतर फाटतं. मीठ, मिरपूड, वर कांद्याची हिरवी पात. भाजीतला 'क' जीवनसत्त्वाचा काही भाग उष्णतेत जातोच, पण पाण्यात उतरलेला भाग सूपातच राहतो, बटाटे उकडून पाणी फेकलं तर तोही जातो.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी ककांना मऊ घास द्यायला परवानगी दिली. तेव्हापासून काकींचा वरूनच आवाज येतो, आज अर्धं घोटू नको. थोड्या फोडी अख्ख्या ठेवतो. कका आधी चमच्याने ढवळून त्या मोजतात, मग खायला सुरुवात करतात. काल सहा होत्या, त्यांनी आठ मागितल्या.